पाच-दहाची सारोळा गाडी

धामणगाव बढे, ता. मोताळा
रविवार, ९ मार्च २०२५

समता गवई यांस,
सप्रेम जयभीम.

आज सकाळी विहारात वंदना झाली. दहा वाजता घरी आलो. जेवण केलं. दुपारी प्रसेनजितची बॅग पुन्हा उघडली आणि कागद लावत बसलो. त्यात तुमचं नाव सापडलं, म्हणून लिहीत आहे.

मी प्रसेनजित तायडे याचा वडील. तुम्ही त्याच्याकडे एम. ई. केलं, आणि त्याच्या एका लेखावर त्याच्या नावाखाली तुमचं नाव आहे, एवढं मला कळलं आहे. तो ३१ ऑगस्टला गेला हे तुम्हाला माहीत असेलच. कॉलेजात वर्ग घेऊन आला, खुर्चीवर बसला आणि उठला नाही. डोक्यात रक्तस्राव झाला होता. वय एकोणचाळीस. लग्न केलं नव्हतं. आता घरात मी आणि त्याची आई अन्नपूर्णा, दोघंच.

माझं काम असं आहे. पुण्यानुमोदनाच्या दिवशी माझ्या पुतण्याने, अश्वजितने, त्याचा जीवनपरिचय वाचला. त्यात तो म्हणाला की प्रसेनजितचं संशोधन अमेरिकेत वापरलं जातं. लोक गेल्यावर मी त्याला विचारलं, "तुले कोणं सांगलं बे हे?" तर म्हणाला, "मोठेबाबा, अशा टायमाले असंच बोला लागते. लोकायले काय समजते त्यातलं?" मला ते बरं वाटलं नाही. स्वतः खात्री केल्याशिवाय मी काही सांगत नाही. तशी सवय आहे.

बॅगेत त्याच्या बढतीच्या अर्जाची झेरॉक्स आहे. सगळे रकाने भरलेले आहेत. एकच रिकामा आहे. 'संशोधनाचा प्रत्यक्ष परिणाम, पुराव्यासह.' १२ ऑगस्टला मुलाखत होती. त्या दिवशी त्याने फोन केला होता. मी विचारलं, कशी झाली? म्हणाला, "त्यांनी विचारलं, तुमच्या कामाने कोणाचं काय बदललं. मी म्हटलं, सांगता येत नाही." मी म्हटलं, "असं काऊन म्हटलं?" तर आईला फोन द्या म्हणाला. बढती झाली नाही. त्याच्या लेखांचा आधार घेऊन लिहिलेले लेख नऊ आहेत असं अर्जात आहे. अश्वजितने कॉम्प्युटरवर पाहिलं. त्यातले चार प्रसेनजितचेच आहेत.

येत्या ३१ ऑगस्टला पहिला स्मृतिदिन आहे. विहारात पत्रक वाटायचं आहे. त्यात त्याच्या कामाबद्दल एक ओळ लिहावी असं वाटतं. एकच, पण खरी. त्याचं काम कोणाच्या उपयोगाला आलं का? आलं असेल तर कोणाच्या? नसेल आलं तर तसं लिहा.

अजून एक. त्याने जे सॉफ्टवेअर तयार केलं त्याला 'फलक' असं नाव का दिलं, हे मला कळलं नाही. तुम्हाला माहीत असल्यास कळवावं.

फोन करू नये. फोनवर माणूस समोरच्याला बरं वाटावं म्हणून बोलतो. लिहिताना विचार करतो.

आपला,
सहदेव तायडे

---

पुणे
२२ मार्च २०२५

आदरणीय काका,
सविनय जयभीम.

आपलं पत्र आईच्या पत्त्यावर दुसरबीडला गेलं होतं, तिने ते कुरिअरने पाठवलं. हाताने पत्र लिहून मला कितीतरी वर्षं झाली, अक्षराला हसू नका. आणि मला 'तुम्ही' म्हणू नका. मी सरांची विद्यार्थिनी, आपल्या मुलीसारखी.

मी पुण्यानुमोदनाला आले नाही. यायला हवं होतं.

आपण सरळ विचारलंत म्हणून सरळ लिहिते. आमच्या कंपनीत सरांचं 'फलक' रोज चालतं. तीनशेच्या वर इंजिनिअर आहेत, ते सगळे वापरतात. आपण ही ओळ पत्रकात अवश्य घाला.

फलक काय करतं ते सांगते. आम्ही प्रोग्रॅम लिहितो तेव्हा मध्ये मध्ये साध्या भाषेत टिपा लिहितो. आपल्यानंतर जो माणूस तिथे काम करायला येईल त्याच्यासाठी. हा भाग काय करतो, इथे काय बदलू नये, असं. पुढे प्रोग्रॅम बदलत जातो, टीप मात्र तशीच राहते. पाच वर्षांनी येणारा माणूस टिपेवर भरवसा ठेवतो आणि फसतो. सरांचं फलक प्रोग्रॅम आणि टीप दोन्ही वाचतं आणि कोणती टीप आता खोटी झाली आहे ते दाखवतं. सरांनी यावर नऊ वर्षं काम केलं.

आणि नावाचं म्हणाल तर ती गोष्ट सर दर वर्षी पहिल्या तासाला सांगायचे. आपण बसच्या नोकरीत होतात असं ऐकलं आहे, म्हणून आपल्याला आवडेल. एका गावच्या स्टँडवर गाड्यांच्या वेळांचा रंगवलेला मोठा फलक होता. त्यावर पाच वाजून दहा मिनिटांची एक गाडी लिहिलेली. ती गाडी बंद होऊन वर्ष झालं होतं. एक बाई आपल्या लहान मुलीला घेऊन तीन वाजल्यापासून त्या गाडीची वाट पाहत बसली. तिला वाचता येत होतं, म्हणून तिने कोणाला विचारलं नाही. अंधार पडेपर्यंत बसून राहिली. आणि फलकाच्या बरोबर खाली खिडकीत कंट्रोलर बसलेला! त्याला सगळं माहीत!

वर्गात हमखास कोणीतरी ओरडायचं, "सर, त्या कंट्रोलरले सस्पेंड करा ना!" सगळे हसायचे. सर हसायचे नाहीत. म्हणायचे, "त्या माणसाला दिवसातून शंभर लोक विचारत होते आणि तो शंभरांना खरं सांगत होता. जे विचारत नाहीत त्यांच्यासाठी मात्र त्याने काही लिहून ठेवलं नाही. आपल्याला त्यांच्यासाठी काम करायचं आहे." मग हजेरी घ्यायचे.

काकूंना जयभीम सांगा.

आपली,
समता

---

धामणगाव बढे
बुधवार, २ एप्रिल २०२५

चि. समता हिस,
जयभीम.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. तू सांगितलंस म्हणून 'तू' लिहितो.

तो कंट्रोलर मीच.

तुला माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्याने वर्गात सांगितलं नाही, आणि हे तो वर्गात सांगतो हे मला माहीत नव्हतं. मी एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली अकरा त्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून. गाडी डोळ्यांनी फाटकात दिसल्याशिवाय मी कधी पुकारली नाही. याचा मला अभिमान होता.

पाच-दहाची सारोळा गाडी १९९४ साली बंद झाली. फलक रंगवायला वरचा आदेश लागतो. मी दोनदा पत्र पाठवलं, त्यांच्या नकला ठेवल्या. आदेश आला नाही. त्यानंतर मी काही केलं नाही. विचारील त्याला सांगत होतो.

प्रसेनजित तेव्हा दहा वर्षांचा. शाळा सुटली की स्टँडवर येऊन माझ्या खोलीत अभ्यास करायचा. त्या दिवशी सात वाजता माझी ड्यूटी सुटत होती. तो आत येऊन म्हणाला, "बाबा, ते बाई सारोळ्याच्या गाडीसाठी बसेल हाय." मी बाहेर गेलो. बाईला म्हटलं, "मावशी, ते गाडी बंद झाली ना. विचारलं काऊन नाही?" ती फलकाकडे पाहून म्हणाली, "लिहेलच तं होतं तठी." एवढंच. भांडली नाही. मुलीला ताप होता. आम्ही दोघींना घरी आणलं. अन्नपूर्णाने भाकरी केली. सकाळी मी त्यांना जीपमध्ये बसवून दिलं.

घरी येताना प्रसेनजितने विचारलं होतं, "खोटं हाय तं पुसत काऊन नाही?" मी म्हटलं, "ऑर्डर लागते." तो म्हणाला, "खडूनं लेहा." मी म्हटलं, "खडूनं लेहत नसते." माझ्या टेबलाच्या खणात खडूची पेटी होती, समता. गाडी उशिरा असली की मी त्याच खडूने पाटीवर लिहायचो. त्या फलकावर एक रेघ ओढायला मला कोणी अडवलं नसतं.

तो विसरला असेल असं मला तीस वर्षं वाटलं.

फलक तीनशे लोक वापरतात हे अन्नपूर्णाला वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "तीनशे म्हंजे आपल्या विहारात बसतात तितले?" मी म्हटलं, हो, त्याहून जास्त. त्या दिवशी ती नीट जेवली.

आता एक विनंती. तुझ्यावर विश्वास नाही असं नाही. पण पत्रकात छापायचं तर एकदा डोळ्यांनी पाहावं असं वाटतं. मलकापूरहून पुण्याला गाडी आहे. मी एकटा येईन, तुला त्रास देणार नाही. लांबून पाहिलं तरी चालेल. ते जमत नसेल तर कंपनीच्या कागदावर दोन ओळी लिहून पाठव. 'फलक वापरतो' एवढं पुरे. मी तो कागद त्याच्या अर्जाच्या झेरॉक्सला लावून ठेवीन.

तुझा,
सहदेव काका

---

पुणे
११ जून २०२५

आदरणीय काका,
सविनय जयभीम.

उत्तराला फार उशीर झाला. कामाचा ताण होता, मध्ये आजारीही होते. माफ करा.

मी नकळत आपल्याला किती दुखावलं! एवढं मात्र खरं सांगते, सरांच्या आवाजात त्या माणसाबद्दल कधी राग नसायचा.

काका, कंपनीत बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत. कंपनीच्या कागदावर लिहून देण्यासाठी बऱ्याच परवानग्या लागतात, त्या मिळतील असं वाटत नाही. आपण एवढा प्रवास करून यावं आणि गेटवरून परत जावं, हे मला सहन होणार नाही. कृपया येऊ नका. मी लिहिलं आहे ना, ते पुरेसं धरा. ओळ छापून टाका.

काकूंची तब्येत कशी आहे?

आपली,
समता

---

धामणगाव बढे
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

समता गवई यांस,
जयभीम.

२८ जुलैला पत्रकं छापून आणली. दोनशे. कागद बरा आहे. फोटोखाली जन्म, शिक्षण, नोकरी, निधन, आणि शेवटी ही ओळ: 'त्यांनी निर्माण केलेले फलक हे सॉफ्टवेअर आज पुण्यातील एका कंपनीत तीनशेहून अधिक अभियंते दररोज वापरतात.' पाहिल्याशिवाय छापू नये असं मला वाटत होतं. पण तुम्ही दोनदा लेखी कळवलं आणि अन्नपूर्णाही रोज विचारत होती, म्हणून छापली. तिला वाचन जेमतेम येतं. अश्वजितकडून चार वेळा वाचून घेऊन तिने ती ओळ पाठ केली. परवा भाजीवाल्या शालूबाईलाही सांगत होती. शालूबाई म्हणाली, "माय, इतले लोकं! मंग त्यायले पगारातून काही द्या लागते का तुमाले?" त्यावर अन्नपूर्णा हसली. वर्षात पहिल्यांदा.

परवा, १ ऑगस्टला, कॉलेजकडून पार्सल आलं. त्याच्या बढतीची मूळ फाईल होती. रिकाम्या रकान्याच्या पानाला टाचणीने एक कागद लावलेला आहे. त्याने तुम्हाला पाठवलेल्या ईमेलची छापील प्रत आहे. खाली नक्कल करतो.

'५ ऑगस्ट २०२४. समता, कशी आहेस? बारा तारखेला माझी मुलाखत आहे. कामाचा परिणाम काय झाला याचा पुरावा मागतात. मागच्या वर्षी तू तुमच्याकडे फलक लावलं होतंस, त्यानंतर काय झालं ते मला कळलं नाही. कंपनीच्या कागदावर दोन ओळी मिळतील का? चांगलंच लिही असं नाही. चाललं तेवढंच लिही. बंद केलं असेल तर किती दिवस चाललं आणि का बंद केलं ते लिही, मला तेही उपयोगाचं आहे. कागद मिळत नसेल तर साध्या ईमेलवर कळव. घाई नाही, पण बाराच्या आत कळलं तर बरं. आईला जयभीम. प्रसेनजित.'

त्याखाली पेन्सिलीने त्याच्या अक्षरात लिहिलं आहे, 'उत्तर आलं की जोडणे.'

तुम्ही काय उत्तर पाठवलं ते फाईलमध्ये नाही. कृपया कळवावं.

आपला,
सहदेव तायडे

---

पुणे
१४ ऑगस्ट २०२५

आदरणीय काका,

मी उत्तर पाठवलं नाही.

ईमेल आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, मी जागेवरच होते. लगेच वाचला. मग तो न वाचलेला म्हणून खूण करून ठेवला. रोज सकाळी तो दिसायचा, आणि मी त्याच्या खालचे ईमेल उघडायचे.

फलक आमच्याकडे अकरा दिवस चाललं. मीच लावलं होतं, २०२३ च्या जुलैमध्ये, मोठ्या हौसेने. पहिल्याच दिवशी त्याने चार हजारांवर टिपा खोट्या दाखवल्या. मी तपासल्या. बहुतेक खरोखरच खोट्या होत्या. माझ्या वरच्या साहेबांनी विचारलं, या दुरुस्त करायला किती दिवस लागतील? मी म्हटलं, चार माणसं, तीन महिने. ते म्हणाले, एवढा वेळ कोणाकडे आहे? खोट्या टिपांनी त्रास होतो ना, मग टिपाच काढून टाका. सगळ्या. खऱ्यासुद्धा. म्हणजे फलकाला दाखवायला काही उरणार नाही.

ते काम माझ्याकडे आलं. मी अर्ध्या तासात प्रोग्रॅम लिहिला आणि चालवला. अठरा वर्षांत कितीतरी लोकांनी मागून येणाऱ्यांसाठी लिहून ठेवलेलं सगळं पुसलं गेलं. मला त्या महिन्यात शाबासकीचा ईमेल आला. अकराव्या दिवशी फलक बंद केलं.

सरांनी लिहिलं होतं, चाललं तेवढंच लिही. मी काय लिहिणार होते? सर, तुमच्या नऊ वर्षांच्या कामाचा परिणाम म्हणून मी सगळ्या टिपा पुसून टाकल्या, असं? मला वाटलं, मुलाखत होऊन जाऊ दे. नंतर प्रत्यक्ष भेटून सांगेन. सर रागावणार नाहीत, त्याबद्दल आणखी एक लेख लिहितील, असंही वाटलं. एकतीसला ग्रुपवर बातमी आली.

मार्चमध्ये आपलं पत्र आलं आणि मी खोटं लिहिलं. लिहिताना वाटत होतं, सरांना जे हवं होतं ते उशिरा का होईना लिहून देते आहे. सरांना ते हवंच नव्हतं, हे त्यांच्याच ईमेलमध्ये आहे. मी तो इतक्या वेळा पाहिला, पण 'चांगलंच लिही असं नाही' हे वाक्य मला आपल्या पत्रात पहिल्यांदा दिसलं.

काका, मला आणखी एक सांगायचं होतं. त्यानंतर मी जिथे जिथे काही बदलते तिथली टीप आधी बदलते. कोणी सांगत नाही, कोणी पाहत नाही. आमच्या गटात मी एकटीच करते. हे सरांमुळे आहे. पत्रकात घालण्यासारखं नाही, हे मला कळतं.

मी ३१ ला यावं का? सगळ्यांसमोर उभी राहून खरं काय ते सांगेन. आपण म्हणाल तसं.

समता

---

धामणगाव बढे
शुक्रवार, २९ ऑगस्ट २०२५

चि. समता हिस,
जयभीम.

आज उघाड आहे. सकाळी कपडे वाळत टाकले. अन्नपूर्णा आणि शेजारच्या पुष्पाबाई विहार झाडायला गेल्या आहेत, दुपारी येतील. अश्वजित मंडपवाल्याकडे गेला आहे. मी घरी एकटाच आहे.

तुझं पत्र एकोणीस तारखेला आलं. दहा दिवस उत्तर दिलं नाही. काय लिहावं ते कळत नव्हतं. अजूनही नीट कळलेलं नाही.

मला राग आला. तो गेला आहे असं लिहिणार नाही. पण मी तुला काय बोलणार? मुलाखतीच्या दिवशी त्याने मला फोन केला तेव्हा मी एवढंच म्हटलं होतं, असं काऊन म्हटलं. पुढे एकोणीस दिवस तो होता. मी पुन्हा विचारलं नाही. माझ्याकडे तीस वर्षं खडू होता.

तू शेवटी जे लिहिलं आहेस, टीप आधी बदलते, ते मी दोनदा वाचलं. ते चांगलं आहे. तू ते करत राहा. पण ते वाचून मला बरं वाटलं नाही, हेही खरं आहे. नऊ वर्षं आणि एक माणूस. मी हिशेब करणारा माणूस नाही, तरी मनात येतंच.

अन्नपूर्णाला काल सांगितलं. त्याआधी आठ दिवस सांगू शकलो नाही. ती चुलीपुढे बसली होती. मी म्हटलं, "ते तीनशेचं खरं नाही." तिने वर पाहिलं नाही. म्हणाली, "मंग किती?" मी म्हटलं, "कोणीच नाही. अकरा दिवस चाललं, मंग बंद केलं." तिने थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "अकरा दिवस तं चाललं ना?" मी म्हटलं, हो. "मंग अकरा दिवस लेहा ना. ते तं खरं हाय."

मी रात्रभर विचार केला. अकरा दिवस लिहायचं तर बाराव्या दिवशी काय झालं तेही लिहावं लागतं. नाहीतर तेही अश्वजितच्या अमेरिकेसारखंच. आणि ते लिहिलं तर विहारात बसलेल्या माणसांना त्याच्याबद्दल काय कळेल? सकाळी मी तिला सांगितलं, नाही लिहीत. ती म्हणाली, "मंग खोडा. पन पोराच्या फोटोले शाई लागू देऊ नका." आणि झाडू घेऊन गेली.

तू रविवारी येऊ नकोस. तू वाईट म्हणून नाही. तू सगळ्यांसमोर उभी राहिलीस तर लोक तुझ्याकडे पाहतील, आणि तो दिवस त्याचा आहे. पुढे कधी यावंसं वाटलं तर ये. मलकापूरहून इकडे गाड्या आहेत. वेळा फलकावर पाहू नकोस, खिडकीत विचार.

त्याची मूळ फाईल मी कपाटात ठेवली आहे. तुझं १४ तारखेचं पत्र त्या टाचणीला लावलं. 'उत्तर आलं की जोडणे' असं त्याने लिहिलं होतं. आलं, म्हणून जोडलं. रकाना तसाच आहे. तो भरणं माझं काम नाही.

पुन्हा छापायला वेळ नाही. दोनशे पत्रकं घेऊन सकाळपासून ओसरीवर बसलो आहे. पट्टी लावून शेवटच्या ओळीवर काळ्या पेनाने दोन रेघा ओढतो. खालचं वाचता येऊ नये म्हणून दोन. शाई लवकर वाळत नाही, एकावर एक ठेवली तर फोटोला लागते. म्हणून अंगणात ओळीने पसरली आहेत, उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एक खडा ठेवला आहे. अर्ध्याच्या वर झाली. आता खडे कमी पडत आहेत. विहिरीमागे बारीक मुरूम आहे, तिथून ओंजळभर आणतो आणि उरलेली करतो.

सहदेव काका